टवक्यातला आकडा

आमच्या भाषेला अभिजात दर्जा मिळावा म्हणून सरकारकडे जाणाऱ्या फायलीत शिलालेखांचे एकशे बारा ठसे होते, आणि ते सगळे एकाच माणसाच्या हातचे. ठसेकाकांच्या. दगड घासून धुवायचा, त्यावर ओला कागद चिकटवायचा, ब्रशनं ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा, मग वरून शाईची कापडी गादी हलकेच आपटायची. खाचा पांढऱ्या राहतात, बाकी काळं. चाळीस वर्षं हेच. विद्वानांनी त्यांच्या ठशांवर मोठमोठी पदं मिळवली आणि आभारात त्यांना 'सहायक' म्हणून गुंडाळलं. काकांना त्याचा राग कधी आला नाही. मला अजून येतो.

फाईल द्यायच्या आदल्या दिवशी सकाळी ते आमच्या, ही फाईल तयार करणाऱ्या समितीच्या खोलीत आले. मी सह्यांचे गठ्ठे बांधत होतो. खुर्ची दिली तरी बसेनात.

"सत्तेचाळीस नंबरचा ठसा काढून ठेव."

"काका, डोकं ठिकाणावर आहे ना? आपला सगळ्यात जुना पुरावा तो! त्यातल्या सालावर सगळा डोलारा उभा आहे."

"त्या सालातला एक आकडा माझा आहे."

त्यांनी ठसा खिडकीशी धरून दाखवला. दगडाचा तिथं टवका उडालेला. ठशात नुसता पांढरा डाग आला होता. तेव्हाचे साहेब म्हणाले, इथं दोनच असणार. काका नोकरीत नवे. साहेबांना खूश करायला त्यांनी डागाच्या कडा शाईनं भरल्या. डागातून दोनाचा आकडा उभा राहिला.

"चाळीस वर्षं गप्प बसलात, आणि आज कंठ फुटला?" मी ओरडलो.

"तोवर तो कपाटात होता रे. आता आपल्या भाषेची साक्ष द्यायला निघालाय. चार रात्री डोळ्याला डोळा नाही. तुझी काकू विचारते, कुणाचा खून केलात का?"

मी म्हटलं, चला, दगडालाच विचारू. तो दगड एका गोदामाच्या मागच्या भिंतीत होता. काकांनी तो धुतला, ओला कागद चिकटवला. ब्रशनं ठोकून बसवला. कागद वाळेपर्यंत मी येरझारा घातल्या. मनात त्या आकड्याला विनवत होतो, ये रे बाबा, उमट.

कागद सुटला. डागच.

"एवढासा डाग, काका. जुनाच ठसा राहू दे. कोण बघतंय?"

"बघणारा एक पुरे. मग तो उरलेल्या एकशे अकरांवर थुंकेल."

परत येऊन मी जुना ठसा फायलीतून काढला.

फायलीत नवा ठसा गेला. कडेला काकांनी लिहिलं, 'आकडा वाचता येत नाही', आणि खाली सही केली. अख्ख्या फायलीत त्यांची ती एकच सही. समितीतले दोघे माझ्याशी बोलायचे बंद झाले, कारण त्यानंतरचा सगळ्यात जुना ठसा भाषेच्या वयाच्या सरकारी अटीला जेमतेम पुरत होता.

पाच महिने झाले. काका रोज येतात. "सरकारकडून आलं का काही?"

"नाही."

मग जुन्या ठशांच्या प्रती काढतात आणि भिंग घेऊन खिडकीशी बसतात, आणखी कुठं आपली शाई लागलीय का बघत. आज ऐंशीव्या ठशावर होते.