काखेतली चौकी

"हात वर कर. आनकी वर. शी! आरं ह्ये काय थापलंयस काखंत? कारखान्यातनं आलास का गोठ्यातनं?"

"शेन हाय बाई. आनि वर बिब्बा. बायकूनं लावलंय."

"बायकूला म्हनावं भिताडाला लाव. हितं मानूस हाय."

पारूबाईनं नाकाला पदर लावला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक धर्मादाय दवाखाना होता, तिथली ती ड्रेसर. साल चौऱ्याहत्तर असेल. समोर स्टुलावर बसलेला भीमाशंकर मूळचा मैंदर्गीचा, इथं मागावर चादरी विणायचा. काखेत लिंबाएवढं अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, आलेलं, अंगात ताप. दाराशी त्याची बायको चंद्रव्वा गाठोडं घेऊन उभी. बाराच्या एसटीनं दोघं गावी निघाली होती. तिथं एक डागणारा सांगून ठेवला होता. सळई लाल करायची, अवधाणावर टेकवायची, गाठ जळून जाते, अशी गावाची पिढीजात खात्री. दवाखान्यात ती दोघं औषधाला आलीच नव्हती. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मुकादम रजा देत नव्हता, म्हणून वाट वाकडी केलेली.

"आवदान आपनहून येत न्हाय," पारूबाई म्हणाली. "खालतं कुटंतरी घान आसती. बोटं दाव."

"बोटाला काय न्हाय. आट दिसामागं जरा धोटा लागलाय."

"दाव म्हन्ते न्हवं!"

त्यानं डाव्या हाताचं बोट पुढं केलं, चोरीचा माल काढावा तसं. बोट कसलं, जुनं वांगं. टोकाला काळा बोळा घट्ट चिकटलेला. हे बोळे पारूबाईच्या ओळखीचे. मागावर आडवा धागा नेणारा धोटा सुसाट उडतो, कधीतरी बोट फोडतो. चादरीवर रक्ताचा थेंब पडला की मुकादम बोंबलणार. मग मागाखाली साचलेला कापसाचा फुसका, म्हणजे पिंजारलेला कचरा, घ्यायचा, मशीनच्या तेलात बुडवायचा, जखमेत कोंबायचा आणि माग चालू ठेवायचा. रक्त थांबतं, चादर पांढरी राहते. बोटाचं काय व्हायचं ते होवो.

पिवळं औषधी पाणी ओतून तिनं बोळा भिजवला आणि चिमट्यानं ओढला. मागोमाग पू आला. हिरवट, घट्ट, धार लागल्यासारखा. मेलेल्या उंदरावर काकवी ओतावी तसा वास खोलीभर पसरला. चंद्रव्वा पायरीवर जाऊन भडाभडा ओकली.

पारूबाई ओकली नाही. पण बारा वर्षं झाली तरी तिच्या नाकाला ह्या वासाची सवय लागलीच नाही. पुवासारखं दिसतं म्हणून पिठलं तर तिनं नोकरी लागल्यापासून तोंडाला लावलेलं नाही. तिचा बाप मोहोळाकडच्या एका खेड्यात मेलेली ढोरं ओढायचा. छप्पन साली दीक्षा घेतली आणि बापानं ओढायचं दोरखंड चुलीत घातलं. तेव्हा पोरीला वाटलं, सुटलो ह्या घाणीतनं. पुढं दवाखान्यात झाडायला लागली, डॉक्टरांनी एक दिवस हातात चिमटा दिला, आणि तीच घाण पगारी होऊन पुन्हा समोर आली. फरक एवढाच, आता ही घाण जित्या माणसांची होती.

तिनं हात धुऊन माठातलं पाणी पेल्यात भरून चंद्रव्वापुढं धरलं. चंद्रव्वानं पेल्याकडं बघितलं, मग पारूबाईकडं, आणि बाहेर नळावर जाऊन ओंजळीनं चूळ भरली.

"व्हय ग बाई," पारूबाई म्हणाली. "माज्या हातचं पानी चालत न्हाय. आनि तुज्या नवऱ्याचा पू माज्या बोटांनी काडल्याला चालतो. लई झ्याक सोवळं हाय तुमचं."

चंद्रव्वा खाली मान घालून आत आली. पारूबाईनं तिला हाताला धरून बल्बाखाली उभं केलं.

"बग आता. ही लाल रेग दिसती का? मनगटापासनं निगाली, पार काखंत गेली."

"अय्यो! ही कवा आली?"

"तू शेन थापत हुतीस तवा. आता ऐक. कातडं म्हंजी भित. ती फुटली, घान आत शिरली. रगतात पांढऱ्या पेशी आसत्यात. त्या धावत्यात, घानीला गिळत्यात आनि तितंच मरत्यात. ह्यो पू म्हंजी निम्मी त्येंचीच मढी."

"आनि गाट?"

"हातातनं काखंत रसाच्या बारीक नळ्या जात्यात. त्या वाटंवरची ही चौकी. आलेली घान हितं आडवायची, फुडं रगतात सोडायची न्हाय. आत पेशींची भरती वाडली, म्हनून सुजलीया. ताप बी त्याच लडाईचा. आनि तुमी चाललाव चौकीच जाळाय! भाजलेल्या जागंवर फिरून शेन लावशीला. म्हंजी धनुर्वाताला घरपोच आवतन."

"पन आमच्या मामंजींचं आवदान डागूनच गेलं की," चंद्रव्वा हट्टानं म्हणाली.

"कशानं आलं हुतं?"

"पायात बाबळीचा काटा मोडला हुता."

"काटा काडला का ठिवला?"

"काडला की. पू बी लई आला. दुसऱ्या दिशी डागलं."

"मग? काटा गेला, घान गेली, चौकीचं काम सपलं, गाट बसली. राबली पेशी आनि नाव डागनाऱ्याचं."

चंद्रव्वा पुढं वाकली. तिनं नवऱ्याचं बोट पहिल्यांदा नीट बघितलं. ट्रेमध्ये पडलेला काळा बोळा बघितला. तेवढ्यात रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

"चल की," भीमाशंकर उठला. "डागनारा वाट बगत आसंल."

"बगू दे." चंद्रव्वानं गाठोडं खाली टाकलं. "त्येला म्हनावं, सवताची काक डाग. बस तितं!"

डॉक्टरांनी बोट चिरलं, पेनिसिलिन सुरू केलं. धनुर्वाताची लस दंडात टोचली तसा भीमाशंकर कुरकुरला, "दुकतंय बोट आनि सुई दंडाला?"

"दुश्मनाचं तोंड आदी दावून ठिवायचं," पारूबाई म्हणाली. "म्हंजी फुडच्या येळंला शरीर वळकतं. तुला तर मागाखालचा उकिरडा बी वळकू येत न्हाय."

पाचव्या दिवशी रेघ गेली, गाठ वाटाण्याएवढी उरली. हात वाचला. नख मात्र गळून पडलं आणि बोटाचं टोक वाकडंच राहिलं. शेवटची पट्टी बांधताना पारूबाईनं त्याला बजावलं, "मागावर समद्यास्नी सांग. बोळा कोंबू नका म्हनावं."

"सांगितलं की बाई."

"मग काय म्हन्ले?"

"हासले. म्हन्ले, चादर तुजा बा धुनार का?"

पारूबाईनं पट्टीची गाठ मारली. पिवळ्या घाण पट्ट्या तिनं बादलीत टाकल्या, हात साबणानं दोनदा धुतले आणि बोटं हुंगून तिसऱ्यांदा धुतले. मग चिमटा उकळत्या पाण्यात सोडला. दारात मानेवर गळू घेऊन एक म्हातारी बसली होती.

"या आजी," ती म्हणाली, "उजेडात बसा. पदर काडा मानंवरचा."