योसेफचा चेहरा

माझी मोठी बहीण सुमती, कॉन्व्हेंटमधली सिस्टर, मंगळवारी वारली. काल अंत्यविधीच्या वेळी कंपू भागातल्या कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये नुकत्याच रंगवलेल्या दारं-खिडक्यांमुळे ताज्या रंगाचा, टर्पेंटाइनचा वास होता. कित्येक वर्षांपूर्वी तिने सिस्टर होण्याची व्रतं घेतली, त्याच्या आदल्या दुपारीही तिथे हाच वास होता.

वेदीमागचं पवित्र कुटुंबाचं चित्र तिने तेव्हा नुकतंच पुरं केलं होतं. मरिया नऊवारीत होती आणि योसेफला विजयचा चेहरा होता. विजयशी ठरलेलं लग्न तिने मोडलं होतं, तरी तो चित्र बघायला आला.

तिने टर्पेंटाइनच्या चिंधीने आधी स्वतःची सही पुसली.

"अगं सुमे, लोगों को पता तो चले, कुणी काढलं ते!" विजय म्हणाला.

"देवाला दिलं ते. नाव कशाला?"

मग तिने चिंधी योसेफच्या चेहऱ्यावर टेकवली.

"सही पुसलीस, ठीक है. मी काय बिघडवलं तुझं?"

"तुझ्याकडे बघत रोज प्रार्थना कशी करू रे?"

तो गेल्यावर तिने त्या जागी पांढऱ्या दाढीचा म्हातारा रंगवला. टर्पेंटाइनची बाटली धरून शेजारी उभ्या असलेल्या मला ती तेव्हा थोर वाटली. काल शेवटच्या बाकावर विजय एकटाच बसला होता, तेव्हा तसं वाटलं नाही.

त्याने लग्न केलं नाही. चित्राखाली आता पितळी पाटी आहे: ‘चित्रकार अज्ञात’.