एक तास पस्तीस मिनिटं

शिरूरच्या एका कारखान्यात मी वाहन विभाग सांभाळायचो. चौदा गाड्यांची लॉगबुकं माझ्या टेबलावर यायची. ड्रायव्हर आठवड्याच्या फेऱ्या शनिवारी एका बैठकीत लिहून काढायचे. सहा दिवसांना एकच शाई, एकच घाई. मला ते लगेच कळायचं. म्हणून मुलीने व्यावसायिक पायलटच्या लायसनचा अर्ज भरण्याआधी तिची उड्डाणांची वही माझ्यापुढे ठेवली, तेव्हा बेरजेआधी मी शाई पाहिली.

लायसनला दोनशे तास लागायचे. वहीत दोनशे एक तास पंधरा मिनिटं होती. बेरीज बरोबर आली. पण आठवड्याआठवड्याची शाई एकच होती, आणि बरीचशी उड्डाणं रात्री दीड-दोनची.

"रात्री दीडला कुठं उडत होतीस?"

"आप्पा, ती ग्रीनिचची वेळ हाय. साडेपाच तास मिळवा, सकाळचे सात होत्यात."

"आन् शाई?"

"विमानाच्या शाळेच्या रजिस्टरवरून रविवारी उतरवून घेते. तुमच्या ड्रायव्हरांसारखी न्हाई मी."

उत्तरं बरोबर होती. पण माझे ड्रायव्हरही उत्तरं बरोबरच द्यायचे. गाडीच्या लॉगबुकाशी मी डिझेलच्या पावत्या ताडून बघायचो. विमानाचंही स्वतःचं रजिस्टर असणारच.

ती दौंडला खोली घेऊन राहायची आणि तिथून विमानतळावर जायची. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर न्हावरा-चौफुल्याच्या एसटीने निघालो. वाटेत ती एवढंच म्हणाली, "तिथं माझी शोभा करू नका."

विमानतळावर शाळेच्या ऑफिसात मी रजिस्टर मागितलं तेव्हा तिचे शिक्षक म्हणाले, "काका, मुलगी तुमचीच आहे ना?" बाजूची पोरं हसली.

मी रजिस्टरमधली तारीख आणि वेळ वाचायचो, ती आपल्या वहीत खूण करायची. दुपारपर्यंत सगळं जुळलं. मग एका ओळीवर तिचं पेन थांबलं. एक तास पस्तीस मिनिटं. रजिस्टरमध्ये विमान दुसऱ्या विद्यार्थ्याने चालवलेलं होतं; ही मागच्या सीटवर बसली होती. वहीत मात्र चालवणारी हीच.

शिक्षक म्हणाले, "मागे बसूनही शिकतातच की. सगळेच लिहितात. कोण येतंय तपासायला?"

"मी आलोय ना," मी म्हणालो.

ती ओळ वजा केली तर उरत होते एकशे नव्व्याण्णव तास चाळीस मिनिटं. वीस मिनिटं कमी. शाळेचं एकुलतं विमान सर्व्हिसिंगला गेलेलं, कधी येईल ते कोणी सांगत नव्हतं. तिच्या पास झालेल्या पेपरांची मुदत अकरा दिवसांनी संपत होती. तोवर अर्ज गेला नाही, तर सगळ्या परीक्षा पहिल्यापासून.

"वीस मिनिटांसाठी मी काय विमान पाडणार हाय का?" बाहेर आल्यावर ती म्हणाली.

"तसं न्हाई म्हणत मी. पण अर्जावर सही तुझी हाय."

वजाबाकीसाठी घेतलेली वही मी तिच्या हातात दिली. चौफुल्याच्या स्टँडवर तिने ती गुडघ्यावर ठेवली, पट्टी लावून त्या ओळीवर रेघ मारली आणि मग एसटीत शिरूरपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

पुढे ती दौंडला परतली. रोज संध्याकाळी मी फोन करायचो. "आलं का?" "न्हाई." बस, एवढंच. माझ्या खोडीपायी तिची दोन वर्षं वाया जातील, हा हिशेब मीही करत होतो. विमान नवव्या दिवशी आलं.

त्या सकाळी मी विमानतळाच्या कुंपणाशी घड्याळ धरून उभा होतो. चाकं हलल्यापासून थांबेपर्यंत सदतीस मिनिटं भरली. तिने वहीत पस्तीस लिहिली.

"दोन मिनिटं कमी लिहिलीस."

"राहू द्या. तुमचं घड्याळ पुढं पळत असंल."

दुपारी दौंडच्या पोस्टात तिने अर्ज आणि कागद लिफाफ्यात घातले. मला पुन्हा एकदा सगळं बघावंसं वाटत होतं. तिने विचारलं नाही. मीही मागितलं नाही. तिने लिफाफा चिकटवला आणि रजिस्टर्डच्या खिडकीत सरकवला.