आईचा ड्रॉवर

सागाच्या जंगलातल्या आलापल्लीत राहणाऱ्या माणसाला लाकडातलं सगळं कळतं, असा आलापल्लीत राहणाऱ्या प्रत्येक माणसाचा समज आहे. मी तर लाकडाच्या आगारात कारकून होतो. उभी हयात ओंडक्यांवर नंबर टाकण्यात गेली. नंबर टाकणं आणि ओंडक्याचं काही बनवणं यात थोडा फरक असतो, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

झालं असं, की लकव्यानं आईच्या उजव्या हातातली ताकद गेली. तिच्या खाटेजवळच्या टेबलाचा खण इतका गच्च बसायचा, की चष्मा काढायलासुद्धा तिला कुणाला तरी हाक मारावी लागे. आई मागणारी बाई नव्हे. हळूहळू तिनं हाक मारणंच सोडलं. पोथी तशीच पडून राहायची, ती भिंतीकडे बघत बसायची. "काई पायजे का माय?" विचारलं, की "काई नाई पायजे!" मला ते फार लागायचं.

म्हणून मी ठरवलं, आईला स्वतःच्या हातानं नवं कपाट करून द्यायचं आणि त्याच्या ड्रॉवरला चॅनल बसवायचे. ते छर्रेवाले, लोखंडी. नुसतं बोट लावलं की ड्रॉवर सरकन बाहेर!

"सुताराले बोलवा नं जी," बायको म्हणाली.

"काऊन? मले लाकडातलं समजत नाई का?"

तिनं कमरेला चोळायचं मलम काढून ठेवलं. (बायकोनं मलम काढलं की समजून जावं. मी समजलो नाही.)

लाकूड घरचंच होतं, बाबांच्या जुन्या सागवानी दिवाणाचं. (पावती आहे, उगाच संशय नको!) ड्रॉवरला पातळ प्लायवूड पुरतं, असं दुकानदार म्हणाला होता. सागाच्या गावात प्लायवूड? मी इंचभर जाड फळ्यांचा ड्रॉवर केला. बुडालाही सागच! उचलताना कमरेत कळ आली, तरी मला अभिमानच वाटला.

मग लक्षात आलं, की चॅनलसाठी दोन्ही बाजूंनी जागा सोडावी लागते. मी सोडली नव्हती. ड्रॉवर कपाटात शिरेना. रंधा हातात घेतला, पण बाबांचा साग तासायला मन होईना! शेवटी ड्रॉवर तसाच ठेवला आणि कपाट रुंद केलं. रुंद झालं म्हणून ते कोपऱ्यात मावेना. मग खाटेसकट सगळं खिडकीखाली हलवलं. तिथे फरशीला दाराकडे चांगला उतार आहे, धुताना पाणी बाहेर जावं म्हणून. कपाटाचं तोंडही दाराकडेच झालं, पण तेव्हा उतार कुणाच्या ध्यानात यावा!

चॅनल बसले. शेजारचे दादाजीभाऊ खास बघायला आले. मी आईच्या वस्तू आत ठेवून ड्रॉवर बंद केला आणि ऐटीत म्हणालो, "माय, आता नुसतं बोट लाव."

बोट लावायच्या आधीच ड्रॉवर निघाला! दावं तोडलेल्या बैलासारखा आला आणि थेट दादाजीभाऊंच्या गुडघ्यावर!

"अरे बाप्पा! हा तं जिता हाये!"

बंद केला. पुन्हा आला. बायकोनं समोर वरवंटा ठेवला. ड्रॉवरनं वरवंट्यालाही बाजूला सारलं! दादाजीभाऊ गुडघा चोळत हसत होते, बायको पदरात तोंड लपवून हसत होती, आणि मला मात्र रडू यायचंच बाकी होतं. आईसाठी एक गोष्ट करायला गेलो, तीही धड जमली नाही.

"उद्या सुताराले बोलावतो," मी पडेल आवाजात म्हणालो. "सारं खोलून टाकतो."

"खोलू नोको!"

मी वळून पाहिलं. ड्रॉवर पुन्हा आईसमोर येऊन थांबला होता. तिनं डाव्या हातानं चष्मा काढला, नाकावर चढवला आणि आमच्याकडे पाहिलं.

"मले ओढता येत नोयतं. आता ओढाचंच काम नाई. ढकलता तं मले येते!" असं म्हणून तिनं पायानं ड्रॉवर बंद केला. तो परत निघाला, तशी म्हणाली, "फक्त एक फिरकी लावून दे."

मी ड्रॉवर अडवायला लाकडाची छोटी फिरकी, म्हणजे एका खिळ्यावर फिरणारी पट्टी, ठोकून दिली. आता आई एका बोटानं फिरकी फिरवते, ड्रॉवर स्वतःहून तिच्याकडे येतो आणि पोथी सुरू होते. काही हवं का विचारलं, तर आता ऐटीत सांगते, "सारं माह्याजवळ हाये!" ते ऐकून मला जे वाटतं, ते आगारातल्या सगळ्या नोकरीत कधी वाटलं नव्हतं.

परवा दादाजीभाऊ आले. त्यांना सासूबाईंसाठी अगदी असाच, आपोआप येणारा ड्रॉवर हवा होता. मी त्यांच्या घरी जाऊन फरशी पाहिली. एकदम सपाट!

"भाऊ," मी म्हणालो, "कपाट करून देतो, पण आधी घर तिरपं करून घ्या. माह्यं काम सरळ घरात चालत नाई!"