खोक्यातल्या बांगड्या

रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमीत येऊन "इझिकेल अष्टमकर कुठे राहतात हो?" असं विचारलंत तर लोक तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. "खोकीवाला इझिकेल" म्हणालात, तर शेंबडं पोरसुद्धा दारापर्यंत आणून सोडेल.

बाकीच्यांचे नवरे पत्ते खेळतात, तंबाखू मळतात, नाक्यावर बसून सरकारं पाडतात. लीयाचा नवरा स्पीकरची खोकी उघडून बसायचा. तीही स्वस्तातली. टेपरेकॉर्डरबरोबर जोडीने मिळायची ना, आत पुठ्ठ्यासारखी फळी आणि वरून सागवानाच्या रंगाचा कागद डकवलेला, तसली. कुणी नवी जोडी घेतली की आधी पूल ओलांडून ह्याच्याकडे. हा कलिंगड घेतल्यासारखा बोटाने टकटक करायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "पोट पोकळ हाय हिचं." मग मागची फळी काढ, आतून जुन्या रबरी चटईचे तुकडे चिकटव, फटीत सुताराची लांबी भर, पोटात सावरीचा कापूस घाल. घशात घास अडकल्यासारखं बोलणारं खोकं त्याच्या हाताखालून गेलं की मोकळं व्हायचं, हे मात्र खरं. कापूस कुठून यायचा ते विचारू नका. लीयाकडे मुक्कामाला आलेला पाहुणा सकाळी मान धरूनच उठायचा, इतक्या त्या उशा चपट्या.

एकदा तिने त्याला पेणला पिटाळला, पापड आणायला. संध्याकाळी स्वारी एसटीतून उतरली, हातात पुडी. लीयाने तेल तापत ठेवलं, पुडी सोडली, तर आत वाटीच्या बुडाएवढा एक छोटा स्पीकर.

"ट्विटर म्हणतात गो त्याला," इझिकेल म्हणाला. "मोठ्या स्पीकरला जमत नाय ते बारीक आवाज हा काढतो. किणकिण, सळसळ, सगळं."

"मग तळू का ह्याला?" लीया म्हणाली.

आता एवढी किणकिण ह्याला हवी कशाला होती, ते सांगते. त्याची धाकटी बहीण सिपोरा. आईबाप लवकर गेलेले, तिला वाढवली ती ह्यानेच. खांद्यावर बसवून रोह्याच्या बाजारात बांगड्या भरायला न्यायचा. पुढे तिचं लग्न झालं आणि आळीतली बाकीची ज्यू घरं गेली तशी तीही नवऱ्याबरोबर, एलिजाबरोबर, इस्रायलला गेली. इझिकेल कंपनीच्या नोकरीपायी राहिला. सिपोराला लिहायचा भारी कंटाळा. ती कॅसेट भरून पाठवायची. तिकडून कुणी येणार असेल त्याच्या पिशवीत कोंबायची. शनिवारी चांदण्या दिसल्या, शब्बाथ, म्हणजे त्यांचा विसाव्याचा वार, सुटला, की नवराबायको ती लावून बसायचे. तिथल्या टोमॅटोला चव नाही, तिथले पोहे म्हणजे भिजवलेला कागद, एलिजा घोरतो, असलंच सगळं. पण बाई हातवारे केल्याशिवाय बोलायचीच नाही. तिच्या बोलण्यामागे सारखी बांगड्यांची किणकिण. सगळं बदललं, पण हातातली काचेची बांगडी काही तिने सोडली नव्हती. इझिकेल डोळे मिटून बसायचा तो टोमॅटोसाठी नव्हे. त्या किणकिणीसाठी.

तो कंपनीतून रिटायर झाला त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. नवी कॅसेट आली. लावली. थोड्या वेळाने लीयाने बघितलं तर ह्याचा चेहरा पांढराफटक.

"लीये, बांगड्या नाय वाजत."

"काय?"

"एवढी बोलली, एकदा हात वाजला नाय तिचा. एलिजा गेला गो. बांगड्या फुटल्या माझ्या सिपूच्या. आपल्यापासून लपवते ती."

लीया चकितच झाली. कारण नेमकं तेव्हाच खोक्यातून किणकिण, किणकिण स्वच्छ ऐकू येत होतं.

"अवो, वाजतायत की! आत्ताच तर वाजल्या."

"मला फसवू नको." आणि तो खुर्चीतून उतरून खाली जमिनीवर बसला. त्यांच्यात माणूस गेलं की घरचे बसतात तसा.

तिने धावत जाऊन गेल्या वर्षीची कॅसेट काढली. तिच्यात एलिजा स्वतः मधे येऊन खोकून गेला होता, बायकोची चेष्टाही केली होती. "ही ऐका. ह्यात तर भावजी जिते हायत ना? मग ह्यात बघा बांगड्या."

इझिकेलने ऐकलं. एलिजाचा जाडाभरडा आवाज आला. त्याच्यामागून सिपोरा हसली, हात झटकला असणार, बांगड्यांचा नुसता खळखळाट झाला.

"ह्यातबी नाय!" इझिकेल ओरडला. आणि ओरडता ओरडता त्याचा चेहरा असा उजळला म्हणता! "अगो, ह्यातबी नाय! म्हंजे खोकंच बिघडलंय! मी मेला उगाच चांगल्या माणसाला मारून बसलो." हसायला लागला, मग डोळे पुसायला लागला.

लीयाचा हात टेपच्या बटणावर तसाच राहिला. घरभर बांगड्या वाजत होत्या आणि तिला एकेक आठवत चाललं होतं. जन्मभर तो कंपनीत कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये शिफ्टा करून आला. जेवताना मीठसुद्धा ओरडून मागायचा, ती म्हणायची, अहो मी शेजारीच बसलेय. गेल्या दिवाळीपासून कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितलं की हा म्हणायचा, झाली का सुरू? आणि कोकीळ यंदा आलीच नाही म्हणून हळहळला, तेव्हा ती परसातल्या आंब्यावर बसून नरडं फाडत होती.

तिने तोंड उघडलं. त्याने डोळे पुसून वर बघितलं.

"व्हय," लीया म्हणाली. "खोकंच बिघडलंय."

झालं. एकदा म्हणून बसली ती बसली.

दुसऱ्या दिवसापासून घराचा कारखाना. हा पेणजवळच्या जोह्याला गेला, केरू मूर्तिकाराकडे. कागदाचा लगदा आणि डिंक मागून आणला, म्हणाला खोक्याला आतून अस्तर देतो, फळी थरथरते ती थांबेल.

केरू म्हणाला, "माझ्या गणपतीच्या पोटातला माल नेतोस, मग विसर्जन कधी रे तुझ्या खोक्याचं?"

"बांगड्या वाजल्या की," हा म्हणाला.

लगद्याने खोकं खरंच सुधारलं. सिपोरा अगदी समोर बसून बोलतेय असं लीयाला वाटलं. पण इझिकेलने "आता?" म्हणून तिच्याकडे बघितलं तेव्हा ती काय सांगणार? चांगलं झालंय म्हणावं, तर तो विचारणार, मग मला का नाय येत? "जरा बरं हाय," ती म्हणाली, "पण अजून दबलेलं हाय."

मग तो पेणचा ट्विटर बसला. मग दुसरा. मग तिसरा. सिपोराचा आवाज सुईसारखा टोचायला लागला. मांजर घर सोडून गेलं. शेजारची इंदुबाई कुंपणावरून म्हणाली, "लीये, तुझी नणंद विळीवर बसून बोलते का गो?"

लीया हसली आणि आत येऊन तिने उरल्यासुरल्या उशीतला कापूस काढला. शनिवारी संध्याकाळी दोन बोळे कानात घालायचे, वरून पदर घ्यायचा आणि नवऱ्याशेजारी बसायचं.

इंदुबाईला तिने एकदा सांगून टाकलं. इंदुबाई म्हणाली, "अगो, सांग ना त्याला एकदाचं."

"खोकं दुरुस्त होतं, इंदू, कान नाय होत," लीया म्हणाली. "तोवर त्याला आशा तरी हाय."

आणि मग सिपोराच आली. इतक्या वर्षांनी, सणाच्या तोंडावर, एकटीच. एलिजाला गुडघ्यांनी येऊ दिलं नव्हतं. रिक्षा पुलावर असल्यापासूनच बडबडत आली असणार, कारण दारात उतरली तेव्हा वाक्य अर्धं झालेलं होतं. "आणि ह्यो रस्ता अजून तसाच, दादा? वैनी, तू बारीक झालीस गो! ह्यो जेवायला घालतो का नाय तुला?" दोन्ही हात हवेत. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.

इझिकेल पायरीवर उभा. तो तिच्या तोंडाकडे बघतच नव्हता. हातांकडे बघत होता. बांगड्या खाली यायच्या, वर जायच्या, एकमेकींवर आपटायच्या.

"दादा, बोल की रे! ह्याला काय झालं, वैनी?"

तो पायरी उतरला. तिचं मनगट धरलं आणि नारळात पाणी आहे का बघतात तसं कानाशी नेलं.

"हालव."

"काय?"

"हात हालव, सिपू."

ती हसत सुटली आणि हात हलवला. त्याने दुसरा कान लावला. तिने पुन्हा हलवला, मग तिचं हसू थांबलं.

इझिकेलने मनगट सोडलं. लीयाकडे वळून हळूच म्हणाला, "लीये, इथं मधे खोकं नाय गो."

त्या दिवशी घरात मलिदा झाला, त्यांच्यात आनंदाला करतात तो. गोड पोहे, नारळ, फळं, सगळं सिपोराच्या आवडीचं. तो जेवला, हसला, ती जे बोलली त्याला मान डोलवली. सिपोरा परत गेल्यावर त्याने लीयाला एवढंच विचारलं, "तुला कधीपास्नं म्हाईत?"

"पहिल्या दिवसापास्नं."

"आणि तीन-तीन ट्विटर लावले तेव्हा तुझे कान?"

"कापूस घालायची."

"माझ्याच खोक्याचा?"

"माझ्याच उशीचा," लीया म्हणाली. त्यावर दोघंही हसली.

अलिबागला जाऊन कानात यंत्र बसवलं. त्यात भांडी वाजली, फटफट्या वाजल्या, इंदुबाईसुद्धा वाजली. बांगड्या काही वाजल्या नाहीत. यंत्र डबीत गेलं.

एका शनिवारी शब्बाथ सुटल्यावर त्याने स्क्रू-ड्रायव्हर घेतला, खोकं मांडीवर घेतलं. एक ट्विटर काढला. "आता कसं?"

"टोचतं."

दुसरा काढला. "आता?"

"जरा टोचतंच."

तिसऱ्याला मागे एक कापडाची घडी लावली, तोंड थोडं वळवलं. लीयाने कानातले बोळे काढले. "आता नीट. आता ती हितं बसल्येय."

"खरं सांग हां."

"खरंच."

मग त्याने खोक्यावर तळवा ठेवला. फळीतून सिपोराच्या बोलण्याची नुसती घरघर हाताला लागत होती. "बांगड्या वाजल्या की सांग," तो म्हणाला. लीयाने त्याच्या हातावर आपलं बोट ठेवलं. बांगडी वाजली की एक टिचकी. खळखळून वाजल्या की पाच-सहा. तो डोळे मिटून बसला. पुढे दर कॅसेटला हेच. बोट फार वेळ थांबलं की मात्र त्याचे डोळे उघडायचे.

दोनेक वर्षांनी एक कॅसेट आली. सिपोरा नेहमीसारखी बोलत होती. टोमॅटो, पोहे, उन्हाळा. एलिजा घोरतो हे नव्हतं. लीया ऐकत राहिली. बाजू अर्धी झाली. खोकं इतकं स्वच्छ वाजत होतं की सिपोराने मधेच गिळलेला आवंढासुद्धा ऐकू आला. बाकी काही नाही. तिच्या हाताचा आवाजच नाही.

इझिकेलचे डोळे उघडले. "लीये? वाजत नाय का गो?"

लीयाने त्याच्याकडे बघितलं नाही. पदर सारखा केला आणि त्याच्या हातावर टिचकी मारली. थांबून आणखी एक.

"वाजतायत," ती म्हणाली. "तुम्ही डोळे मिटा."