ठेवा म्हटलं होतं, देलं नव्हतं

आमच्या ह्यायचं नाव गोवर्धन. नावासारखाच माणूस, एकदा बसला का उचलाले देवच पायजे. अंजनगाव सुर्जीच्या माळ्याचं पोरगं. बापासंगं बाजारात वांगे-मिरच्या विकत होते, तेच बरं होतं. पण विद्यापीठात शिपायाची नोकरी लागली अन् आमी अमरावतीले आलो. दुसऱ्यायले परीक्षा विभाग भेटते, लायब्ररी भेटते. ह्यायले भेटलं मानवशास्त्र. मी इचारलं, "तिथं काय शिकवतात जी?" म्हणे, "माणसं." म्हटलं, "माणसं कायले शिका लागते? घरात बायको हाये, तिले आधी समजून घ्या." हसले नाई. ह्या माणसाले हसूच येत नाई, हाच तं डोक्शाले ताप हाये.

विभागात एक सापळा होता, हाडाचा. रोज त्याची धूळ पुसाचं काम ह्यायच्याकडे. मी सांगून देलं, कोणाच्या मेलेल्याचे हाडं हातात घेऊन माह्या सैपाकघरात याचं नाई. मंग काय, रोज संध्याकाळी अंगणातल्या नळावर डोक्यावरून आंघोळ. हिवाळ्यात कुडकुडून राहायचे, पण हू नाई का चू नाई. आमची आकांक्षा मोठी झाली, कॉलेजात गेली, अन् एक दिवस बापाचा विभाग पाहून आली. म्हणे, "आई, तो सापळा तं प्लॅस्टिकचा हाये." मी ह्यायले इचारलं, तुमाले मालूम होतं? म्हणे, "होतं ना." मंग सांगतलं काहून नाई? म्हणे, "तू इचारलंच कुठं?" आता बोला. अशा माणसासंगं मी संसार केला बाप्पा.

मंग विभागात चंद्रभान सर आले, अन् त्यायले संग्रहालयाचं भूत लागलं. वऱ्हाडातल्या लोकायच्या वापरातल्या वस्तू, मेळघाटातल्या कोरकू लोकायच्या वस्तू, सगळ्या एका जागी पायजेत म्हणे, नाई तं उद्याच्या पोरायले काही समजणार नाई. विचार चांगला होता, मी नाई म्हणत नाई. पण काम कसं, तं सरकारी. आधी खोली भेटली. तिच्यातले मोडके बेंच काढले. मंग काचेचे कपाटं आले. कपाटं आले अन् आत ठेवाले वस्तूच नाई! तेवढ्यात खबर आली का कमिटी येऊन राहिली. कपाटं रिकामे दिसले तं खोली दुसऱ्या विभागाले जाईल. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं. सर घाबरे झाले. अन् आमचे हे, ज्यायच्या तोंडातून घरी शब्द निघत नाई, ते तिथं म्हणाले, "सर, तुमी काहीच फिकर करू नका."

झालं. अंजनगावले गेले, नणदेचं, म्हणजे पार्बताबाईचं मुसळ घेऊन आले. चुलतभावाची पेरणीची तिफन आणली. सुपं आणले, टोपल्या आणल्या, बैलाच्या घागरमाळा आणल्या. लोक पाहुणे गेले का चहा घेतात, दोन गोष्टी करतात. हे गेले का चहा हातात अन् नजर माळ्यावर. शेवटी शेवटी तं ह्यायले येतानी पायलं का नातेवाईक सामान लपवू लागले. लाजेनं माही मान खाली.

त्याच टायमाले आमच्या घरी फरशी बसवून राहिले होते. खोलीच्या मधात माह्या मायचं जातं. माही माय मोर्शीची. तिनं मले सोनं-नाणं नाई देलं, हे जातं देलं. माही हळद त्याच्यावरच दळली होती तिनं. जाच्या आधी म्हणे, "गोदे, तुह्या पोरीची हळद बी याच्यावरच दळजो." मी हो म्हटलं होतं. मरणाऱ्या मायले हो म्हटलेलं काही खेळ नसते. तं फरशीवाले ते जातं इकडून तिकडे, तिकडून इकडे ढकलून राहिले होते. हे म्हणाले, "काही दिवस विभागात नेऊ का?" माह्या हातात घमेलं, तोंडावर सिमेंट. म्हटलं, "हो, ठेवा तिथं." बस, एवढंच बोलली मी.

फरशी बसली, वाळली, तिच्यावर तेल सांडून डाग बी पडले, पण जातं काही आलं नाई. मी म्हणो, आणा. हे म्हणे, नीट ठेवलं हाये, आणतो. असं आणतो आणतो करता करता आकांक्षाचं लग्न जमलं, अकोल्याच्या नितेशसंगं. मी म्हटलं, आता तं आणाच. तवा कुठं ह्यायचं तोंड उघडलं. म्हणे, "ते नाई येत आता. ते विद्यापीठाचं झालं."

मी तशीच चप्पल घालून निघाली. संग्रहालयाच्या दारावर ही मोठी पाटी: वऱ्हाडचा सांस्कृतिक ठेवा. आत जातं काचेच्या मांग, वरून लाईट. मले वाटलं, लाईटानंच चमकून राहिलं. सरायनं खुर्ची देली, चहा सांगतला. म्हणे, "ताई, तुमचे उपकार आहेत. इतका मोलाचा ठेवा तुम्ही स्वतःहून दिलात."

"देला नाई सर. मी ठेवा म्हटलं होतं."

"हो, तेच. ठेवा."

"अवो, तुमचा ठेवा वेगळा अन् माहा ठेवा वेगळा! माहा ठेवा म्हणजे ठेवून द्या, लागलं का मी नेईन."

सर डोकं खाजवू लागले. कारण अख्ख्या अंजनगावानं बी 'ठेवा'च म्हटलं होतं. आमच्या इकडे वस्तू कोणाच्या घरी ठेवाले देली, तं ती मांगितल्यावर भेटते, हे लेकरायले बी समजते. एवढे शिकलेले सर, पण त्यायले कोणी सांगतलंच नाई, अन् ज्याचं सांगाचं काम होतं तो गोवर्धन पर्वत बाजूले उभा. सर म्हणे, "एकाची वस्तू परत दिली, तर उद्या सगळे रांग लावतील. संग्रहालय सुरू व्हायच्या आधीच बंद पडेल." मी काचेवर हात ठेवला, तं आमचे हे म्हणतात, "हात नको लावू, डाग पडते." बायकोले! तिच्याच मायच्या जात्याजवळ! माह्या आंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "सर, हे जातं नाई आलं, तं मी पोरीच्या मांडवात पाय ठेवत नाई. मंग तुमीच करा कन्यादान."

सरायनं लय विचार केला. शेवटी म्हणे, वस्तू प्रात्यक्षिकासाठी बाहेर नेता येते, पण देखरेखीले विभागाचा कर्मचारी संगं पायजे. आता विभागात शिपाई एकच.

म्हणजे हळदीच्या दिवशी नवरीचा बाप गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र घालून, जात्याजवळ खुर्ची टाकून बसला. पाहुणे येऊन राहिले, नवरीचा बाप कुठं म्हणून इचारून राहिले, अन् हे उठाले तयार नाईत. पार्बताबाई जात्याले हळद-कुंकू लावाले वाकली, तं म्हणे, "अवं, डाग पडते." पार्बताबाई भडकली, "भाऊ, पोरीचं लग्न हाये का तुही कमिटी येऊन राहिली?" म्हणे, "माही ड्युटी हाये." मले तं जमीन फाटली तं आत जाऊ असं झालं.

पाच सवाशिणी बसल्या. जात्याले हळकुंड बांधलं, गाणं धरलं, खुंटा फिरवला. जातं फिरे, पण दळे ना. हळदीचे तुकडे नुसते घसरून राहिले. मंग कडेनं काळा काळा चुरा पडू लागला. पार्बताबाईनं तो चिमटीत घेतला अन् गाणं थांबलं. म्हणे, "वैनी, हा तं रंग हाये."

वरचा दगड काढून पायला. दोन्ही दगडायले आतून बी काळा ऑइलपेंट, चकचकीत, मधात संग्रहालयाचा पांढऱ्या रंगाचा नंबर. जात्याले छन्नीनं टाकी लावून खरबरीत करा लागते, तवा ते दळते. मायनं लावून घेतलेली टाकी सगळी रंगानं बुजून गेली होती. मी ह्यायच्याकडे पायलं. खाली मान घालून म्हणे, "सर म्हणत होते, कमिटीसमोर वस्तू चमकल्या पायजेत. मीच मारला. दोन हात."

मी रडली. भर मांडवात, सगळ्यायसमोर, रागानं रडली. म्हटलं, "नीट ठेवलं म्हणत होते ना? माह्या मायचं तोंड बुजवून टाकलं तुमी!" आकांक्षा पाटावरून उठून आली. म्हणे, "आई, मिक्सरमधली लाव ना, मले चालते." तिले चालते. मले नाई चालत.

हे उठले. मले वाटलं, आता जातं उचलून विद्यापीठात नेतात हे. पण मांडववाल्याकडून छन्नी-हातोडी घेऊन आले, गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात कोंबलं, अन् दगड पायाजवळ ओढून ठोकू लागले. आधी तो पांढरा नंबरच उडाला. टाकी लावणं ह्यायले काय येते? डोंबलाचं येते! दगडाची एक कपची उडून कपाळाले लागली, रक्त आलं, तरी ठोकूनच राहिले. माहाच जीव खालीवर झाला. म्हटलं, "अवो, सरायले काय सांगसान?"

मान वर न करता म्हणे, "सांगीन, जिनं ठेवलं होतं, तिनं नेलं."

बायायनं दगड घासून घासून धुतले, पुसले, अन् मंग दळली हळद. जाडीभरडी, मधात दगडाची कच. मी पहिला हात आकांक्षाच्या गालाले लावला, तं ती कळवळली, "आई, टोचून राहिलं ना!"

"टोचू दे," म्हटलं. "तुह्या आजीचा हात असाच होता."