ललित विभागाचं पहिलं पान

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही, आणि जिच्यापाशी बोलायला हवं होतं तिच्यापाशी तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कारण गेले चार दिवस मी एका अगदी साध्या कामापाशी अडून बसले आहे.

काम म्हणजे हा ब्लॉग. शाळेत शिकवता शिकवता बरंच काही लिहून साठलंय, ते एका जागी लावावं म्हणून सुरू केला. नाव ठरलं, रंग ठरला. मग प्रश्न आला — विभाग कोणते? खरं तर हे माझ्या हौसेचं काम. आमच्या स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या आहेत, हळदीच्या डब्यावरसुद्धा. घरचे हसतात, म्हणतात, हळद काय चिठ्ठी वाचून ओळखायची? तर 'कथा' लिहिलं, 'प्रवास' लिहिलं, 'शाळा' लिहिलं. आणि 'ललित' लिहायला गेले — तर हात पुढे जाईना.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी कोपरगावला कॉलेजात होते, दुसऱ्या वर्षाला. तोवर आमच्याकडे नुसतं भित्तिपत्रक असायचं, काचेच्या पेटीत टाचण्यांनी लावलेले चार कागद. त्या वर्षी पहिल्यांदाच छापील अंक निघणार होता. मराठीच्या सरांनी मला विद्यार्थी-संपादक केलं आणि म्हणाले, विभाग तूच पाड. केवढी फुशारले मी! जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर रकाने आखले. वैचारिक, कथा, कविता, ललित, हिंदी, इंग्रजी, अहवाल. सरांनी नियम एकच घातला — आपला लेख कोणत्या विभागात जावा ते ज्यानं त्यानं वरच्या कोपऱ्यात स्वतः लिहायचं. लेख कुठं बसतो हे लिहिणाऱ्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार, असं त्यांचं म्हणणं. आणि प्रत्येक विभागातला उत्तम लेख त्या विभागाच्या पहिल्या पानावर घ्यायचा. त्याला स्नेहसंमेलनात बक्षीस.

रत्नमाला माझ्या खोलीत राहायची. एका मावशींच्या घरामागची खोली आम्ही दोघींनी मिळून घेतली होती. मी राहात्याकडच्या बागायतदाराची मुलगी. तिचे वडील साखर कारखान्यात फिटर. तिचं आडनाव आमच्यातही असतं असं. खोली देताना मावशींनी आडनाव विचारलं आणि पुढचं त्या स्वतःच धरून चालल्या. रत्नानंही दुरुस्त केलं नाही. आपण बौद्ध आहोत हे तिनं त्या गावात एकट्या मला सांगितलं होतं — जेवता जेवता, सहज. लाज वाटत होती म्हणून लपवलं, असं नव्हतं हो. घरी जयंतीच्या मिरवणुकीत ती सगळ्यांच्या पुढं असायची. पण खोली गेली असती तर कॉलेज गेलं असतं. कुणाला सांगायचं आणि कधी, हे तिचं तिनं ठरवलं होतं.

तिनं अंकासाठी लेख दिला. नाव 'भोंगा'. कारखान्याच्या भोंग्यावर चालणारं त्यांचं घर. पहिला भोंगा झाला की आई चूल पेटवणार, दुसरा झाला की वडिलांचा डबा हातात देणार. आणि मग हंगाम संपतो, भोंगा बंद होतो — तरी आई त्याच वेळेला जागी होते, आणि अंधारात नुसती बसून राहते, आज कशासाठी उठले असं वाटून. एवढंच. दोन पानं. मी ते कॉटवर बसून वाचलं आणि माझे कागद उशीखाली सारले. कारण माझाही लेख होता, प्राजक्तावर. सडा, दवबिंदू, आजोळ — काय काय घातलं होतं मी त्यात! एक शब्दही खरा नव्हता. आजोळी प्राजक्तच नव्हता.

'भोंगा' ललित विभागात पहिला येणार, हे मला कळलं होतं. बाकी कुणी सांगायची गरज नव्हती. आता सांगा, मी काय करावं? पहिलं पान तिला द्यायचं आणि आपण दुसऱ्यावर बसायचं — एवढं सोपं होतं ते.

मी कॅलेंडरच्या पाठीवर एक नवा रकाना आखला. त्याला नाव दिलं, 'दलित साहित्य'. 'भोंगा' त्यात टाकला.

त्या शब्दात कमीपणाचं काही नाही. तो अभिमानानं मिरवणारी माणसं मी पुढे पाहिली, त्यांचं लिखाण वर्गात शिकवलंही. पण त्या लेखात जातीचा एक शब्द नव्हता. एक बाई होती, एक भोंगा होता. आणि त्या विभागात दुसरा लेखही नव्हता — एकच लेख, आणि खाली एकच नाव. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले, की मी तेव्हा भाबडी होते, मला वाटलं आपण काही पुरोगामी करतोय. खोटं आहे. मला माझा प्राजक्त पहिल्या पानावर हवा होता.

सरांनी यादी पाहिली. म्हणाले, "तिला विचारलंस का?"

मी म्हणाले, "तिनंच सांगितलं, सर."

त्यांनी मूळ कागद मागितला. मी तो तयारच ठेवला होता. वरचा कोपरा मी आदल्या दिवशी कात्रीनं कापला होता, तिरपा, जणू फाटलाच होता. सर लेख वाचून म्हणाले, "धीराची मुलगी आहे." आणि अंक छापायला गेला.

छापून आला तेव्हा तो मावशींच्या हातात कुणी दिला असेल? मीच. बक्षीस मिळालं होतं ना मला! माझा लेख बघा म्हणून कौतुकानं नेऊन दिला. मावशींनी माझा लेख वाचला, वा वा म्हणाल्या, आणि पानं उलटत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीतला माठ बाहेर लिंबाखाली पालथा घातलेला होता. मावशी दारात उभ्या राहून रत्नाला म्हणाल्या, "माझा राग न्हाई बाई तुझ्यावर. पण देवाधर्माचं घर हाय. आमच्यात न्हाई चालत." मी तिथंच होते. दप्तर भरत होते. एक वही काढत होते, पुन्हा तीच आत ठेवत होते.

रत्नानं अंथरुणाची वळकटी बांधली. तिच्याजवळ माझा एक रुमाल होता, तो घडी करून माझ्या उशीवर ठेवला. मग एकदाच विचारलं, "तू न्हाई ना गं केलं हे?"

तिला मीच केलं असं वाटत नव्हतं. फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. आणि मी — मी म्हणाले, "सरांनी ठरवलं. मी नको म्हणत होते."

दोन वाक्यं. एक सरांना सांगितलं, एक तिला. दोघांनीही माझ्यावर विश्वास ठेवला, आणि दोघं पुन्हा एकमेकांशी बोलली नाहीत. तिनं सरांच्या तासाला बसणं सोडलं. काही दिवस कारखान्यावरून एसटीनं ये-जा केली, मग तेही थांबलं. परीक्षेला ती आली नाही. सरांनी मला विचारलं, "रत्नमाला का येत नाही? माझं काही चुकलं का?" मी म्हणाले, गाडीचं जमत नाही तिला, सर. ते मान हलवत गेले. आमच्या पिढीत लिहिणारी म्हणावी अशी एकच मुलगी त्यांना सापडली होती, आणि तिला मी त्यांच्यापासून तोडलं होतं.

त्याच दशकाच्या शेवटी ती मला एकदाच भेटली, नगरच्या एसटी स्टँडवर. श्रीगोंद्याकडच्या एका गावात अंगणवाडीत काम करत होती. मला बघून धावत आली. धावत! हात धरला, मुलांचं विचारलं, माझी नोकरी ऐकून डोळे पुसले. म्हणाली, "खोलीचं मला काई न्हाई वाटत आता. पण सरांनी एकदा इचारायला पायजे हुतं गं. मी त्यांना लई मानायचे." मी विचारलं, लिहितेस का? ती हसली. "छे! तुझा प्राजक्ताचा लेख मात्र जपून ठेवलाय मी. किती छान लिहिलं हुतंस."

सर आदल्याच वर्षी गेले होते. तिला ते माहीत नव्हतं. मी तेही सांगितलं नाही. श्रीगोंद्याची गाडी लागली, ती चढली, खिडकीतून हात हलवत राहिली. मीही हलवला.

काल मी ठरवलं होतं, या ब्लॉगवर 'ललित' विभाग करायचा आणि त्यात पहिला 'भोंगा' टाकायचा, तिच्या नावानं. अंक आहे माझ्याकडे. अर्धा लेख टाइपही केला. आईची चूल पेटेपर्यंत आले आणि थांबले — याही खेपेला मी तिला विचारलेलं नव्हतं. पुसून टाकला.

त्या कापलेल्या कोपऱ्यावर हिरव्या शाईनं 'ललित' लिहिलेलं होतं. खाली तिनं दोन रेघा मारल्या होत्या. स्टँडवर गाडी लागायच्या आधी मला पुरता अर्धा तास मिळाला होता, आणि सांगायचं एवढंच होतं — कोपरा मी कापला, रत्ना. सरांनी नाही.